ज्वारी तिथलीही, ज्वारी इथलीही : अमेरिकेचे दोन पक्ष आणि मंगळवेढ्याचे गट

मंगळवेढा : ऑगस्ट 2025 मध्ये ट्रम्प सरकारनं भारतीय मालावरचं आयात शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. सोलापूरचा टॉवेल अमेरिकेला जातो. भगव्या डाळिंबाची समुद्रमार्गे पहिली व्यावसायिक खेप त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या बाजूला पोहोचली होती. त्यामुळं वॉशिंग्टनमधल्या निर्णयाची झळ थेट जिल्ह्याच्या उंबऱ्यापर्यंत आली. तेव्हापासून कट्ट्यावर, टपरीवर एक प्रश्न हमखास निघतो. ट्रम्पचा पक्ष जाऊन तिकडं दुसरा पक्ष आला, तर आपलं काही बदलेल का?

याचं उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही असं आहे. ते समजायचं तर अमेरिकेचे दोन पक्ष एकमेकांपासून नेमके कुठं वेगळे आहेत, हे आधी बघावं लागतं. आणि ते बघताना आपल्या पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघातलं गटाचं राजकारण शेजारी ठेवलं, तर दोन्हीकडच्या जमेच्या आणि तोट्याच्या बाजू चटकन दिसतात.

हत्ती आणि गाढव

रिपब्लिकन पक्षाचं चिन्ह हत्ती, डेमोक्रॅटिक पक्षाचं गाढव. आपल्याकडं गाढव हे चिन्ह कुणी फुकट दिलं तरी घेणार नाही, तिकडं मात्र ते अभिमानानं मिरवतात. डेमोक्रॅटिक पक्ष 1828 च्या सुमाराचा, तर रिपब्लिकन पक्ष 1854 चा. म्हणजे दोघांचं वय आपल्या काँग्रेसपेक्षा जास्त.

आज या दोघांमधला फरक ढोबळमानानं असा सांगता येतो. रिपब्लिकन म्हणतात, सरकारनं कर कमी घ्यावा, धंद्यात लुडबुड करू नये, बंदूक बाळगण्याचा हक्क अबाधित ठेवावा, गर्भपातावर निर्बंध असावेत आणि बाहेरून येणाऱ्या लोकांना लगाम घालावा. डेमोक्रॅट म्हणतात, श्रीमंतांकडून जास्त कर घ्यावा, त्यातून आरोग्य-शिक्षणाला मदत करावी, कामगार संघटनांना बळ द्यावं, बंदुकांवर नियम आणावेत, गर्भपाताचा निर्णय बाईवर सोडावा आणि हवामान बदलावर सरकारनं पावलं उचलावीत.

हा फरक नुसता भाषणापुरता राहत नाही. 2010 मध्ये ओबामांनी आरोग्य विम्याचा कायदा आणला, तेव्हा एकाही रिपब्लिकन खासदारानं त्याच्या बाजूनं अंतिम मत दिलं नाही. 2017 मध्ये ट्रम्प यांनी कंपन्यांवरचा कर 35 टक्क्यांवरून 21 वर आणला, त्याला एकाही डेमोक्रॅटनं साथ दिली नाही. पॅरिस हवामान करारात ओबामा गेले, ट्रम्प बाहेर पडले, बायडेन पुन्हा आत गेले, ट्रम्प पुन्हा बाहेर पडले. सत्ता बदलली की धोरण बदलतं, हे तिथं उघड दिसतं.

अर्थात हे पक्ष कायम असेच नव्हते. गुलामगिरी संपवणारे लिंकन रिपब्लिकन होते. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं, ते याच कामाबद्दल. त्या काळी दक्षिणेतले गुलामगिरीवाले गोरे डेमोक्रॅटिक पक्षात होते. पुढं 1964 मध्ये डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कृष्णवर्णीयांना समान हक्क देणारा कायदा केला आणि दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकनांकडं सरकले. म्हणजे पक्षांचे विचार तिथंही बदलले, पण बदलायला शंभर वर्षं लागली. आपल्याकडं तेवढ्यासाठी उमेदवारी अर्ज भरायचा शेवटचा दिवस पुरतो.

दामाजीपंतांचं कोठार

दोन पक्षांमधला खरा वाद मंगळवेढेकरांना समजावून सांगायला परदेशी उदाहरण लागत नाही. दुष्काळात लोक उपाशी मरताना दामाजीपंतांनी बादशहाचं धान्याचं कोठार रयतेला खुलं केलं, ही कथा इथल्या पोरासोरांना पाठ आहे. कोठार सरकारचं. ते भुकेल्यासाठी उघडायचं की हिशेबासाठी राखायचं, हाच तो वाद.

अमेरिकेत गरिबांना सरकारकडून धान्य-किराण्यासाठी मदत मिळते. पूर्वी तिला फूड स्टॅम्प म्हणायचे, आता एका कार्डवर पैसे जमा होतात. 2025 मध्ये साधारण 4 कोटी 20 लाख लोक तिच्यावर अवलंबून होते. 1964 साली या योजनेचा कायदा झाला. डेमोक्रॅट म्हणतात, कोठार उघडं ठेवा. रिपब्लिकन म्हणतात, धडधाकट माणसानं आधी काम दाखवावं, मग मदत घ्यावी. जुलै 2025 मध्ये ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कायद्यात ही कामाची अट 64 वर्षांच्या माणसापर्यंत वाढवली गेली. महिन्याला 80 तास काम दाखवायचं, नाहीतर मदत बंद. या कायद्याला एकाही डेमोक्रॅट सदस्यानं मत दिलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन पक्षांच्या भांडणात सरकारचं कामकाज 43 दिवस ठप्प झालं आणि या कार्डवरची मदतही अडकली.

आता आपल्याकडं बघा. अन्न सुरक्षा कायदा 2013 मध्ये काँग्रेस आघाडीच्या सरकारनं केला. भाजप सरकारनं तो मोडला नाही, उलट रेशनचं धान्य फुकट केलं. 2024 च्या विधानसभेत महायुतीनं लाडक्या बहिणीला 1500 रुपये दिले आणि 2100 करू म्हणाले, तर महाविकास आघाडीनं 3000 देऊ म्हणून सांगितलं. कोठार उघडू नका, असं म्हणणारा पक्ष महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. तिथं भांडण तत्त्वाचं आहे, इथं आकड्याचं. गरिबाच्या दृष्टीनं आपलं बरं, कारण सरकार बदललं म्हणून रेशन बंद होत नाही. पण पैसा कुठून आणणार आणि त्यासाठी कोणतं काम मागं पडणार, हा प्रश्न विचारणाराही मग कुणी उरत नाही.

कान्सासचा ज्वारीवाला

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. भीमेकाठच्या काळ्या रानातल्या इथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण जगात सर्वाधिक ज्वारी पिकवणाऱ्या देशांत अमेरिका पहिल्या नंबरच्या आसपास असते आणि तिथं कान्सास हे राज्य सर्वात पुढं, हे फार कुणाला माहीत नसतं. तिथले शेतकरी तिला मायलो म्हणतात. तिची भाकरी कुणी करत नाही, कडबाही कुणी बांधत नाही. बुटकी झाडं मशीननं कापायची आणि दाणा जनावरांच्या खाद्याला, इथेनॉलला किंवा चीनला पाठवायचा.

हा चीनच तिथल्या शेतकऱ्याचं दुखणं आहे. 2018 मध्ये ट्रम्प यांनी चिनी मालावर टॅरिफ लावायला सुरुवात केली. चीननं त्या एप्रिलमध्ये अमेरिकी ज्वारीवर 178.6 टक्के अनामत शुल्क लावलं. समुद्रात निघालेली जहाजं अर्ध्या वाटेत अडकली. महिनाभरात ते शुल्क मागं घेतलं, पण भाव पडायचा तो पडलाच. 2025 मध्ये पुन्हा तेच. मार्चमध्ये चीननं ज्वारी-सोयाबीनवर 10 टक्के जादा शुल्क लावलं आणि खरेदी जवळपास बंद केली. ऑक्टोबरअखेर ट्रम्प आणि जिनपिंग दक्षिण कोरियात भेटले, तेव्हा कुठं खरेदी सुरू करण्याची भाषा झाली.

एवढं होऊन कान्सासच्या शेतकऱ्यानं ट्रम्प यांना सोडलं का? नाही. 2016, 2020, 2024 या तिन्ही वेळा राज्य त्यांच्याच बाजूनं गेलं. 2024 मध्ये 57 टक्के मतं मिळाली. राष्ट्राध्यक्षपदासाठी कान्साससनं डेमोक्रॅट उमेदवाराला शेवटचं निवडलं ते 1964 साली. चर्च, बंदूक, गर्भपात, बाहेरून येणारे लोक या गोष्टींवर माणूस एका पक्षाचा झाला की ज्वारीचा भाव त्याला हलवू शकत नाही. पक्षालाही हे ठाऊक असतं. म्हणून धोरण तेच ठेवून वरून मदतीचे पैसे वाटले जातात. 2018-19 मध्ये सुमारे 28 अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली, डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा 12 अब्ज डॉलरची. भाव गेला आणि अनुदान आलं. आपल्या कांदा उत्पादकांना ही गोष्ट नवी वाटणार नाही.

तरी मतदार अगदीच आंधळा नाही. याच कान्साससनं 2018 आणि 2022 मध्ये लॉरा केली या डेमोक्रॅट बाईंना गव्हर्नर केलं. ऑगस्ट 2022 मध्ये राज्यघटनेतलं गर्भपाताचं संरक्षण काढायचा प्रस्ताव मोठ्या फरकानं फेटाळला. राज्याच्या प्रश्नावर माणूस वेगळा विचार करतो, देशाच्या मतदानात मात्र पक्ष सोडत नाही.

भारताच्या बाबतीत कोण बरा?

आता कट्ट्यावरच्या प्रश्नाकडं. दुसरा पक्ष असता तर 50 टक्के टॅरिफ एका फटक्यात लागलं असतं का? बहुधा नाही. डेमोक्रॅटांचं तंत्र बोलणी, करार, जागतिक व्यापार संघटना असं चालतं. एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरचं शुल्क सप्टेंबर 2025 मध्ये आलं, तेही ट्रम्प यांच्याच आदेशानं.

पण शेतमालाच्या बाजारावर दोघांचीही नजर सारखीच आहे. गव्हा-तांदळाला भारत देतो तो हमीभाव नियमापेक्षा जास्त आहे, अशी तक्रार ट्रम्प सरकारनं मे 2018 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मांडली. 2019 मध्ये त्यांनी भारतीय मालाची शुल्क सवलत काढून घेतली, पण नंतर आलेल्या बायडेन यांनीही ती परत दिली नाही. उलट 2023 मध्ये बायडेन सरकारशी झालेल्या समझोत्यानंतर अमेरिकेचा हरभरा, मसूर, सफरचंद, बदाम यांवरचं भारताचं जादा शुल्क हटलं. थोडक्यात, एक पक्ष दारावर लाथ मारतो, दुसरा बेल वाजवतो. आत दोघांनाही यायचंय. अमेरिकेत कोण निवडून येतो यावर आपल्या हरभऱ्याचं भवितव्य सोडून चालणार नाही.

उमेदवार ठरवतं कोण?

दोन्ही देशांतला सगळ्यात मोठा फरक इथं आहे. अमेरिकेत पक्षाचं तिकीट नेता देत नाही, मतदार देतात. मुख्य निवडणुकीच्या आधी प्रत्येक पक्षाची प्राथमिक निवडणूक होते. त्यात सामान्य मतदार मत देऊन पक्षाचा उमेदवार ठरवतो. 2016 मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या बड्या नेत्यांना ट्रम्प नको होते, पण मतदारांनी त्यांनाच निवडलं. 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी माजी गव्हर्नर कुओमो यांना डेमोक्रॅट मतदारांनी डावललं आणि तरुण झोहरान ममदानी यांना उभं केलं.

याचं मराठी उदाहरणही आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅट पक्षात उतरले. स्वतःचे लाखो डॉलर खर्च केले, पण प्राथमिक निवडणुकीत तिसऱ्या नंबरवर राहिले. मग ते रुसून दुसऱ्या पक्षात गेले नाहीत, अपक्ष उभे राहिले नाहीत. 2020 मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेले, 2022 मध्ये डेट्रॉईट भागातून अमेरिकी संसदेत पोहोचले. पक्ष तोच.

नाराजाला पक्षातच लढायची वाट असली की पक्ष फुटायचं कारण कमी होतं. आपल्याकडं 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, तरी शिवसेना आणि राष्ट्रवादी उभ्या चिरल्या गेल्या आणि चिन्हाचा निकाल निवडणूक आयोगाला लावावा लागला. तिकडं असा कायदाच नाही. खासदार पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो, आणि तरी पक्ष बदलणारा क्वचित सापडतो.

मंगळवेढ्यात पक्ष बदलतो, गट नाही

2009 मध्ये मतदारसंघाची फेररचना झाली, राखीव असलेला मंगळवेढा पंढरपूरला जोडला गेला. तेव्हापासूनचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होतं.

2009 : भारतनाना भालके स्वाभिमानी पक्षाकडून विजयी. पराभूत उमेदवार राष्ट्रवादीचे विजयसिंह मोहिते पाटील.

2014 : भारतनाना काँग्रेसकडून विजयी. समोर प्रशांत परिचारक, तेही स्वाभिमानी पक्षाकडून, म्हणजे नानांच्याच जुन्या पक्षातून. तिसरे समाधान आवताडे, शिवसेनेकडून.

2019 : भारतनाना राष्ट्रवादीकडून विजयी. समोर सुधाकरपंत परिचारक भाजपकडून, तर आवताडे अपक्ष.

2021 : भारतनानांच्या निधनानंतर पोटनिवडणूक. आवताडे भाजपकडून 3733 मतांनी विजयी. पराभूत भगीरथ भालके राष्ट्रवादीकडून.

2024 : आवताडे भाजपकडून पुन्हा विजयी. भगीरथ भालके यावेळी काँग्रेसकडून. मधल्या काळात, 2023 मध्ये, ते तेलंगणाच्या केसीआर यांच्या भारत राष्ट्र समितीतही जाऊन आले. महाविकास आघाडीतल्याच शरद पवारांच्या राष्ट्रवादीनंही इथं वेगळा उमेदवार दिला होता.

पंधरा वर्षांत चिन्हं भराभर बदलली. भालके, परिचारक, आवताडे ही तीन नावं मात्र जाग्यावरच. कारखान्याच्या राजकारणात तर पक्ष पूर्ण गळून पडतो. 2022 च्या दामाजी कारखान्याच्या निवडणुकीत भाजप आमदार आवताडे यांच्या सत्तेविरुद्ध समविचारी आघाडी उभी राहिली आणि जिंकली. त्या आघाडीत भाजपचाच परिचारक गट आणि भालके गट मांडीला मांडी लावून बसले होते.

यात सगळंच वाईट आहे असं नाही. इथला मतदार पक्षाचा गुलाम नाही. मे-जून 2024 मध्ये लोकसभेला याच मतदारसंघानं काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांना आघाडी दिली आणि साधारण सहा महिन्यांनी विधानसभेला भाजपचा आमदार निवडला. कान्सासच्या शेतकऱ्याला जे साठ वर्षांत जमलं नाही, ते इथं एका वर्षात घडलं. इथं कुठल्याच पक्षाला मतं गृहीत धरता येत नाहीत.

मग पाण्याचा जाब कुणाला विचारायचा?

तोटा दिसतो तो दक्षिण भागातल्या गावांमध्ये. 2009 च्या लोकसभा निवडणुकीवर तालुक्यातल्या 35 गावांनी पाण्यासाठी बहिष्कार टाकला होता. त्यानंतर उपसा सिंचन योजनेचा विषय प्रत्येक निवडणुकीत आला. योजनेतल्या गावांचा आकडा बदलला, खर्चाचा आकडा वाढला. शेवटी 2024 मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, 24 गावांसाठीच्या सुमारे सातशे कोटींच्या योजनेचं भूमिपूजन झालं.

या काळात राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी, भाजप-सेना, महाविकास आघाडी, महायुती अशी सगळ्यांची सरकारं येऊन गेली. मतदारसंघातला आमदारही वेगवेगळ्या पक्षांचा होता. उशीर कुणामुळं झाला, हे विचारायला गेलं की प्रत्येकाकडं उत्तर तयार असतं. नेता म्हणतो, तेव्हा मी त्या पक्षात नव्हतो. पक्ष म्हणतो, तेव्हा तो आमचा आमदार नव्हता. दोघंही खरंच बोलत असतात. जबाबदारी मात्र कुणाच्याच सातबाऱ्यावर चढत नाही.

अमेरिकेत आरोग्य विमा कुणी आणला, फूड स्टॅम्पवर अट कुणी घातली, टॅरिफ कुणी लावलं, याचा हिशेब पक्षाच्या नावानं लिहिलेला सापडतो. तिथल्या शेतकऱ्याला दोषी कोण हे माहीत असतं, फक्त शिक्षा करायला त्याचं मन धजत नाही. मंगळवेढ्याचा मतदार शिक्षा करायला मागंपुढं बघत नाही, पण नेमकं कुणाला करायची हेच त्याला कळू दिलं जात नाही.

तिथल्यासारखी प्राथमिक निवडणूक इथं लगेच येणार नाही. पण झेडपी असो, कारखाना असो की विधानसभा, गावात मत मागायला येणाऱ्याला चिन्हाच्या आधी तीन गोष्टी विचारता येतात. योजनेचं पाणी आमच्या गावच्या शिवारात कोणत्या वर्षी येणार? त्यासाठी यंदाच्या बजेटमध्ये किती पैसे पडलेत? आणि उद्या पक्ष बदलला, तरी हा शब्द तुमचाच राहणार का? उत्तरं ग्रामसभेत सगळ्यांसमोर घ्यावीत, तारखेसह वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या वेळी तोच माणूस वेगळा गमछा घालून आला, तर ती वही काढून समोर ठेवता येईल.